फोन दाखवा म्हटलं तर दाखवायचाच का?

या वेळी आलेली पत्रं आणि मेल चाळले तर निम्म्याहून जास्त प्रश्न फोनचेच निघाले. भाडेकरू, वाटणी, पोटगी सगळं मागे पडलं अन् "ताई, एअरपोर्टवर फोन उघडायला लावतात का हो" हेच जिकडेतिकडे. बरोबरच आहे म्हणा, जुलै-ऑगस्ट आला की आपल्या नागपुरातून पोरं अमेरिकेला निघतात, पोरांच्या मागोमाग आया निघतात, शिवाय शारजा-दोह्याकडे जाणारे-येणारे तर बारा महिने असतातच. म्हणून ठरवलं, या वेळचं सदर सगळं यावरच. पोटगीवाल्यांनी एक महिना धीर धरावा.

ताई, मुलीची न्यू जर्सीला डिलिव्हरी आहे, ऑक्टोबरमध्ये मी जाऊन राहिली आहे, बी-टू म्हणजे टुरिस्ट व्हिसा मिळाला. जावई म्हणतात व्हॉट्सॲप काढूनच या, तिथले ऑफिसर फोन पाहतात. माझ्या फोनात आहे काय तर भजनी मंडळ, सोसायटीचा ग्रुप अन् भाच्याचे राजकारणाचे फॉरवर्ड. इंग्रजी माझं जेमतेम. त्यांनी फोन मागितला तर नाही म्हणता येतं का?
– होणारी आजी, प्रताप नगर

काकू, आधी अभिनंदन, आणि आधी ते घाबरणं सोडा कारण आकडे तुमच्या बाजूने आहेत. अमेरिकेच्या सीमेवर तपासणी करतं ते खातं म्हणजे कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, सगळे सीबीपी म्हणतात, त्यांच्याच हिशोबाने २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यांनी ४७,०४७ वेळा फोन-लॅपटॉप तपासले. ऐकायला लय वाटतं, पण त्या वर्षी त्यांच्याकडून गेलेले प्रवासी चाळीस कोटींच्या वर होते, म्हणजे साधारण दहा हजारांत एक. त्या एकात भजनी मंडळवाल्या काकू येण्याची शक्यता किती ते तुम्हीच पाहा.

आता हक्काचं. तुम्ही विचारलं नाही म्हणता येतं का, तर तोंडाने म्हणता येतं, पण त्याची किंमत कोण आहात त्यावर ठरते. अमेरिकेचा नागरिक पासवर्ड द्यायला नाही म्हणाला तर त्याला तासन्‌तास बसवून ठेवतील, फोन ठेवून घेतील, पण त्याच्याच देशात त्याला आत यायला नाही म्हणू शकत नाहीत. तुम्ही पाहुण्या. व्हिसा हा दारापर्यंत येण्याचा परवाना आहे, दार उघडायचं की नाही हे दारावरचा ऑफिसर ठरवतो, आणि तुम्ही फोन उघडला नाही तर तो "मग मला खात्री पटत नाही" म्हणून परतीच्या विमानात बसवू शकतो. पेपरात तिथल्या कोर्टांच्या निकालाच्या बातम्या येतात ना, त्या वाचून पुष्कळ लोक इथेच फसतात.

कारण निकाल आहेत, आणि चांगले आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रायली खटल्यात सांगितलं की अटक केलेल्या माणसाचा फोनही पोलिसांनी वॉरंटशिवाय उघडायचा नाही. सरकार म्हणत होतं खिशातलं पाकीट अन् फोन सारखंच, कोर्ट म्हणालं हे म्हणजे घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरची स्वारी सारखीच म्हणण्यासारखं झालं. पण सीमा हा तिथे फार जुना अपवाद आहे, सामान तपासायला वॉरंट लागत नाही, आणि फोन हा सामान धरायचा का यावर खालच्या कोर्टांचं एकमत नाही. बोस्टनच्या अपील कोर्टाने २०२१ मध्ये अलासाद खटल्यात सांगितलं की साध्या तपासणीला वॉरंट नको अन् संशयही नको. कॅलिफोर्नियाकडच्या अपील कोर्टाने (नववं सर्किट) २०१९ मध्ये म्हटलं की फक्त फोनमध्येच बेकायदेशीर असं काही आहे का तेवढं शोधा, उगाच पुरावे उकरू नका. न्यूयॉर्कच्या एका जिल्हा न्यायाधीशाने २०२४ मध्ये तर जेएफके विमानतळावरच्या फोन तपासणीलाही वॉरंट लागतं असं सांगितलं, पण तो निकाल बाकीच्या कोर्टांवर बंधनकारक नाही. म्हणजे विमान कुठे उतरतं त्यावर कायदा बदलतो असा सगळा घोळ आहे. अन् काकू, यातले बहुतेक खटले गुन्ह्याचा पुरावा कोर्टात चालतो का यावरचे आहेत. तुम्हाला परत पाठवायला कोणाला कोर्टात जावंच लागत नाही.

सीबीपीचा स्वतःचा एक नियम आहे, जानेवारी २०१८ चा, तो जावईबापूंना सांगून ठेवा. साधी तपासणी म्हणजे ऑफिसर हाताने फोन चाळतो, याला कारण लागत नाही. पुढची तपासणी म्हणजे फोन मशीनला लावून सगळा डेटा काढून घेणं, याला वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं आणि वरच्या साहेबाची मंजुरी लागते. दोन्ही वेळी जे फोनच्या आत साठलेलं आहे तेवढंच पाहायचं, इंटरनेटवरून नवीन काही ओढायचं नाही, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकतात. त्यांनी टाकला नाही तर तुम्ही सांगू शकता. फोन ठेवून घेतला तर एरवी पाच दिवसांच्या आत परत द्यायचा, पण मुदत वाढवता येते, आणि पावती मिळते, ६०५१-डी नावाचा फॉर्म, तो घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. आणि मशीनला लावून काढलेला डेटा त्यांच्या सिस्टीममध्ये पंधरा वर्षं राहू शकतो, हे २०२२ मध्ये तिथल्या एका सिनेटरने विचारणा केली तेव्हा बाहेर आलं.

मग करायचं काय? व्हॉट्सॲप काढू नका. तुमच्या वयाच्या बाईच्या फोनात व्हॉट्सॲपच नाही हे पाहून उलट प्रश्न पडतील. सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, गॅलरीत जमलेलं फॉरवर्डचं गाठोडं रिकामं करा, कारण भाच्याने पाठवलेला मारामारीचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाही नसेल पण तो "तुमच्या" फोनात आहे. भाच्याचा ग्रुप सोडा, राग येईल त्याला, येऊ द्या.

माझ्या मते तुमच्यासारख्यांना खरा त्रास राजकारणाने होत नाही, कामाच्या शंकेने होतो. टुरिस्ट व्हिसावर काम चालत नाही, आणि मुलीने गंमतीत लिहिलेलं असतं "आई आली की डेकेअरचे पैसे वाचतील", किंवा शेजारीण विचारते "काकू आल्या की आमचंही बाळ सांभाळतील का, देऊ काही", तर हे वाचणारा ऑफिसर त्यात गंमत शोधत बसणार नाही. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते यात लपवण्यासारखं काही नाही, तेच सांगा. परतीचं तिकीट, मुलीचा पत्ता, इन्शुरन्स कागदावर घ्या, फोनमध्ये नको, म्हणजे "दाखवते" म्हणून स्वतःहून फोन उघडून हातात द्यायची वेळ येणार नाही. अन् जे समजलं नाही त्याला "येस येस" करायचं नाही. दुभाषा मागायचा.

ताई, मला फॉलसाठी एमएसची ॲडमिशन आहे. व्हिसासाठी इन्स्टा पब्लिक करावं लागलं. त्यात दोन-तीन वर्षांपूर्वीचे मीम्स आहेत, थोडे वाह्यात, काही त्यांच्या प्रेसिडेंटवर. सगळं उडवू का? रूममेट म्हणतो जुना फोन इथेच ठेव अन् नवीन कोरा फोन घेऊन जा.
– एक इंजिनिअर, अंबाझरी

बाळा, तुझ्या बाबतीत तपासणी विमानतळाच्या खूप आधी सुरू झालेली आहे. २०१९ पासून व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतले सोशल मीडियाचे सगळे हँडल लिहावे लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात, डिसेंबर २०२५ पासून नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावाल्यांनाही तेच. म्हणजे विमानतळावरचा ऑफिसर तुझ्या फोनात डोकावेल तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तू आधीच काय लिहून दिलंय ते असू शकतं, अन् फॉर्ममध्ये नसलेलं दुसरं इन्स्टा अकाउंट फोनमध्ये लॉगिन असलेलं सापडलं तर मीमपेक्षा ते महाग पडेल. मीम हे मत आहे, फॉर्ममधली खोटी माहिती म्हणजे फसवणूक, आणि ती एकदा नावावर लागली की पुढचे सगळे व्हिसे अडकतात. विसरलेलं एखादं अकाउंट आठवलं असेल तर मुलाखतीतच सांगून टाकायचं.

आता उडवायचं का. वाह्यात काय ते काढून टाक, ते कुठल्याही मालकाच्या नजरेला पडलेलं बरं नाहीच. पण निघायच्या आदल्या रात्री बसून सगळं सफाचट करू नको, आणि लाइनमध्ये उभं राहून तर अजिबातच नको. दुसरं, डिलीट म्हणजे गेलं असं नसतं. आयफोनमध्ये काढलेले फोटो ३० दिवस "नुकतेच काढलेले" या फोल्डरात पडून असतात, गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले ६० दिवस कचरापेटीत. मार्च २०२५ मध्ये ब्राऊन विद्यापीठाशी जोडलेल्या एका लेबनॉनी किडनी डॉक्टरला बोस्टनहून परत पाठवलं, एच-वन-बी व्हिसा हातात असताना, आणि सरकारने कोर्टात जे सांगितलं त्यात हेच होतं की फोनच्या डिलीट फोल्डरमध्ये हिजबुल्ला या लेबनॉनी संघटनेच्या नेत्यांचे फोटो सापडले. तिचं म्हणणं ते धार्मिक कारणाने होते, राजकारणाशी संबंध नाही. ऐकलं नाही.

त्याच महिन्यात एका फ्रेंच शास्त्रज्ञालाही परत धाडलं. फ्रान्सचे मंत्री म्हणाले, फोनमध्ये ट्रम्प सरकारच्या संशोधन धोरणावर टीका होती म्हणून. अमेरिका म्हणाली छे, त्याच्याकडे लॉस अलामोसच्या अण्वस्त्र लॅबची गोपनीय माहिती होती. दोन सरकारं दोन गोष्टी सांगतात, तू तुझं ठरव, पण फोन पाहिल्यावर गोष्ट कुठवर जाते ते यातून कळतं. आणि २०१९ चा तो हार्वर्डला निघालेला १७ वर्षांचा पॅलेस्टिनी मुलगा, त्याने स्वतः काहीच लिहिलेलं नव्हतं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे मित्रांच्या पोस्टवरून त्याला परत पाठवलं. विद्यापीठाने धावपळ केली तेव्हा वर्ग सुरू व्हायच्या आत तो पोचला. तुझे मित्र कोण ते तू बदलू शकत नाहीस, पण कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसचा इमर्जन्सी नंबर कागदावर लिहून खिशात ठेवू शकतोस. तेवढं कर.

कोरा फोन? मला हे फारसं पटत नाही. पत्रकार, वकील, सामाजिक काम करणारे नेतात अन् त्यांना कारण आहे. तू एक पोरगा एमएसला चाललास, दोन वर्षं राहणार, आणि फोनात आईचासुद्धा एक मेसेज नाही? संशय येणार नाही तर काय. मधला मार्ग धर, फोन तोच, पण जुन्या चॅटचा बॅकअप एन्क्रिप्ट करून घरी ठेव, फोन हलका कर, जे ॲप लागत नाहीत त्यातून लॉगआउट हो, बँकेचे ॲप सोडून. उतरायच्या आधी फोन पूर्ण बंद कर, नुसता लॉक नाही, बंद. पुन्हा सुरू केल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत आतला बराचसा डेटा कुलूपबंद राहतो अन् बोट किंवा चेहरा चालत नाही.

मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे. ऑफिसचा लॅपटॉप अन् ऑफिसचाच फोन घेऊन आधी लंडन मग ऑकलंड. क्लायंटचा डेटा आहे, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, सही केलेला. तिथे उघडून दिला तर कंपनी पकडेल, नाही दिला तर ते पकडतील. – प्रोजेक्ट मॅनेजर

दादा, पेच खरा आहे, आणि नासावाल्यांनाही पडला होता. जानेवारी २०१७ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबचा एक इंजिनिअर, अमेरिकेतच जन्मलेला, चिलीहून परत येत होता, ह्यूस्टनला त्याला अडवून नासाच्या फोनचा पिन मागितला. तो म्हणाला हा माझा नाही, सरकारचा आहे. शेवटी पिन द्यावा लागला. तर एनडीएचा कागद दाखवून कोणी थांबेल ही आशा सोडा.

ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायदा २००० आहे, त्याच्या शेड्यूल सातखाली पोलीस विमानतळावर कुठलाही संशय नसताना थांबवू शकतात, सहा तासांपर्यंत, आणि पासवर्ड न देणं हाच गुन्हा. केज नावाच्या संस्थेचे मुहम्मद रब्बानी यांनी हीथ्रोवर पासवर्ड दिला नाही, म्हणाले एका अशिलाची माहिती आहे, त्यांना सप्टेंबर २०१७ मध्ये दोषी धरलं. शिक्षा हलकी झाली पण दोषी ते दोषी. साध्या इमिग्रेशनवाल्याशी याची गल्लत करू नका, हा अधिकार पोलिसांचा आहे अन् तो वापरला जातो तेव्हा तसा कागद हातात देतात. न्यूझीलंडचं वेगळं, तिथे २०१८ च्या कस्टम्स कायद्यात पासवर्ड न दिल्यास ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड आहे, पण त्यांना आधी वाजवी संशय असावा लागतो आणि फोन एअरप्लेन मोडमध्येच पाहायचा, क्लाउडमध्ये शिरायचं नाही. मला तरी हा कायदा प्रामाणिक वाटतो, काय करणार ते आधीच सांगतो.

तुमचं काम सोपं आहे अन् ते नागपुरातच करायचं आहे. आयटीवाल्यांकडून कोरा ट्रॅव्हल लॅपटॉप मागा, डेटा सर्व्हरवर ठेवा, तिथे पोचल्यावर व्हीपीएनने उघडा. आणि मॅनेजरकडून ईमेलवर घ्या की सीमेवर मागितला तर काय करायचं. तोंडी नको, ईमेलवर. उद्या तुमच्यावरच शेकलं तर तेवढाच आधार.

ताई, शारजाहून येऊन राहिलो होतो, एका विमानतळावर कस्टमच्या साहेबाने बाजूला घेतलं. सोनं आहे का विचारलं, नाही म्हटलं, बॅग पाहिली, काही नाही निघालं. मग म्हणे फोन दे. उघडून दिला. गॅलरी पाहिली, बायकोचे फोटो, व्हॉट्सॲप, गूगल पे, पंधरा-वीस मिनिटं. सोडून दिलं. पावती नाही, सही नाही, सॉरी पण नाही. आपल्याच देशात एवढा अधिकार असतो का यांना?
– गांधीबागचा कापडवाला

भाऊ, अमेरिकेवर आपण तावातावाने बोलतो आणि आपल्याकडे काय चालतं हे कोणी विचारत नाही, तुम्ही विचारलं हे बरं झालं.

कस्टम्स कायदा १९६२ चा. तेव्हा फोन म्हणजे भिंतीला टांगलेलं काळं यंत्र. कलम १०० मध्ये ऑफिसरला देशात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाची झडती घेता येते, पण कधी? जप्त करण्याजोगा माल किंवा त्याचे कागद अंगावर लपवलेत असं मानायला त्याच्याकडे कारण असेल तेव्हा. मूड आला म्हणून नाही. कलम १०२ सांगतं की झडतीआधी तुम्ही म्हणालात मला राजपत्रित कस्टम अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या, तर नेलंच पाहिजे. झडतीला दोन पंच पाहिजेत. बाईची झडती बाईच घेईल. कलम ११० खाली कामाचे कागद आणि वस्तू जप्त करता येतात, यात फोन येतो, आणि कलम १३८-सी मुळे कॉम्प्युटरमधून काढलेले प्रिंटआउट अटींवर पुराव्यात चालतात. म्हणजे सोन्याच्या तस्करीचा धागा खरंच सापडला तर तुमचे चॅट कोर्टात जाऊ शकतात, आणि सोन्याच्या केसेस बऱ्याचदा चॅटवरच उभ्या राहतात, हे खात्याच्या बाजूने मान्य करावं लागेल.

पण "उघड आणि मला स्क्रोल करू दे" असा शब्द या कायद्यात कुठेच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मध्येच आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, हेतू योग्य हवा, आणि हात गरजेपुरताच घातला पाहिजे. बॅगेत काही निघालं नाही, तरी बायकोचे फोटो वीस मिनिटं पाहणं यातल्या तिसऱ्या गोष्टीत कसं बसवणार? माझ्या मते नाही बसत.

मग ते करतात कसं? तुम्ही उघडून दिला म्हणून. भाऊ, राग मानू नका, शंभरातले नव्याण्णव तेच करतात, युनिफॉर्म समोर असला की बोट आपोआप सेन्सरवर जातं. पण उद्या तक्रार केली तर पहिलं उत्तर येणार "प्रवाशाने स्वेच्छेने दाखवला". म्हणून एकच वाक्य पाठ करा: "साहेब, कोणत्या कलमाखाली पाहायचा आहे? पंचनामा करा, मी सहकार्य करतो." आवाज न चढवता. बहुतेकदा तिथेच संपतं, कारण पंचनाम्यात कारण लिहावं लागतं. नाही संपलं तर निदान कागद तयार होतो. हां, त्याने वेळ जाईल, कदाचित तीन तास जातील, बाहेर नातेवाईक ताटकळत बसतील, फोन जप्त होऊन काही महिने अडकूही शकतो, तेव्हा थकलेले असाल, पोरं सोबत असतील तर काय करायचं ते त्या घडीला तुम्हीच ठरवा. हक्क वापरलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

पासवर्ड सांगायची सक्ती होते का, यावर आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द अजून आलेला नाही. घटनेचं कलम २०(३) म्हणतं आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही. कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना खटल्यात म्हटलं की पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नाही, पण फोन उघडायला रीतसर सर्च वॉरंट घ्या. दिल्लीच्या सीबीआय कोर्टाने २०२२ मध्ये उलट सांगितलं, आरोपीला पासवर्ड सांगायची सक्ती नाही. बोटाच्या ठशाचं मात्र फार आधीच ठरलंय, १९६१ च्या काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायाधीशांनी म्हटलं ठसे म्हणजे साक्ष नव्हे. तेव्हा ठसे कागदावर घेत, आज त्याच ठशाने अख्खा संसार उघडतो. म्हणून प्रवासात बोट अन् चेहरा बंद करून सहा आकडी पिन ठेवा, पिन डोक्यात असतो.

आयटी कायद्याच्या कलम ६९ ची धमकी कोणी दिली, सात वर्षांची शिक्षा वगैरे, तर तो वेगळा रस्ता आहे, त्याला केंद्र किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो, काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी हुकमाला ते कलम लागत नाही. उलट खरी भीती कस्टम्स कायद्याच्या कलम १०८ ची ठेवा. त्याखाली कस्टम ऑफिसर तुमचा जबाब लिहून घेतो, आणि कस्टम ऑफिसर म्हणजे पोलीस नाही असं कोर्टं जुन्या काळापासून धरत आली आहेत, म्हणून पोलिसांपुढचा कबुलीजबाब जसा कोर्टात चालत नाही तसं इथे नाही, हा चालतो. न वाचता सही करायची नाही. "घरी जायचं तर इथे सही करा" म्हटलं तरी नाही.

आता झालं त्याचं काय करायचं: तारीख, वेळ, फ्लाइट, काउंटर लिहून त्या विमानतळाच्या कस्टम्स कमिशनरकडे लेखी तक्रार करा, सरकारच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरही टाका, आणि आरटीआयखाली त्या वेळचं सीसीटीव्ही फुटेज मागा. लवकर मागा, फुटेज पुसलं जातं. पैसे-बिसे मिळतील म्हणून नाही सांगत, पण तक्रारींची फाइल जाड झाल्याशिवाय वरून सूचना निघत नाहीत. पत्रकारांचे फोन जप्त होण्यावर सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सरकारला गाइडलाइन करा म्हणून टोकलं, तेही कोणीतरी याचिका टाकली म्हणूनच.

मॅडम, बॉर्डर सोडा, इथे सीताबर्डीवर रात्री नाकाबंदीत हवालदाराने लायसन्स पाहिलं अन् मग म्हणे व्हॉट्सॲप दाखव, गांजा-बिंजाचं काही आहे का. द्यायचा का? – कॉलेजकुमार, सदर

नाही. सीमेचा अपवाद सीमेवर, सीताबर्डीवर नाही. विना वॉरंट झडतीला नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १८५ मध्ये ऑफिसरला आधी कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि ती एखाद्या दखलपात्र गुन्ह्याच्या तपासात असते, फोन हजर करायचा तर कलम ९४ ची नोटीस येते. रस्त्यावर गाडी अडवून चॅट वाचणं यातलं काहीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादला पोलीस असेच रस्त्यात पोरांचे चॅट तपासत होते, व्हिडिओ फिरला अन् देशभर ओरड झाली. नम्रपणे म्हण, "सर, नोटीस द्या, ठाण्यात घेऊन येतो." अन् हेल्मेट घालत जा, म्हणजे अडवायला निमित्तच नको.

माझ्या भावाचा जर्मन सहकारी नागपूरला उतरून ताडोब्याला जाणार आहे. त्याच्याकडे ट्रेकिंगचं गार्मिनचं सॅटेलाइट मेसेंजर आहे, त्यात पर्सनल डेटा आहे, तो तपासतील का? – बजाज नगर

डेटाची काळजी नंतर, आधी ते यंत्रच आणू नको म्हणा. भारतात थुराया-इरिडियमचे सॅटेलाइट फोन दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि गार्मिनचं इनरीच इरिडियमच्याच नेटवर्कवर चालतं. विकत घेताना कोणी सांगत नाही, म्हणून दरवर्षी कोणी ना कोणी परदेशी पाहुणा विमानतळाच्या सिक्युरिटीत बॅग स्कॅन होताना पकडला जातो, डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला असंच झालं, अन् सुट्टी ठाण्यात अन् कोर्टात जाते. चुकून आणलंच असेल तर कस्टम्सच्या ग्रीन चॅनलमधून (काही सांगण्यासारखं नाही त्यांचा) निघायचं नाही, रेड चॅनलला जाऊन स्वतःहून सांगायचं आणि त्यांच्या ताब्यात देऊन पावती घ्यायची. ताडोब्यात त्याची गरजही नाही, जिप्सीत गाइड असतो आणि सफारीत साधा मोबाइलसुद्धा वापरू देत नाहीत.